तज्ज्ञ बोलले तेव्हा सभागृह कुठे होते? हुबळी-धारवाडच्या पाण्याचा आढावा

२१ जुलै १९८० रोजी नरगुंद आणि नवलगुंद इथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. मलप्रभेच्या धरणाचे पाणी ज्या काळ्या रानांसाठी सोडले होते, त्या रानांवर सरकारने सुधारणा कर बसवला होता. पाणी आले म्हणजे पीक वाढले, पीक वाढले म्हणजे जमिनीची किंमत वाढली, आणि त्या वाढीतला वाटा सरकारचा, असा तो हिशेब होता. कागदावर त्यात खोट काढणे कठीण होते. रानात मात्र कुठे पाणी पोचलेच नव्हते, कुठे ते साचून जमीन बिघडली होती आणि कापसाचे भाव कोसळले होते. हिशेब मांडणाऱ्यांनी यातले काहीच शेतकऱ्याला विचारले नव्हते. अर्ज झाले, मोर्चे झाले, कुणी ऐकले नाही. मग रक्त सांडले. त्यातून कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला, आणि १९८३ मध्ये गुंडूराव सरकार पडले त्याची एक मुळी या दोन तालुक्यांत होती.

गोळीबारानंतर सहाच महिन्यांनी, जानेवारी १९८१ मध्ये, शिरसीत एक परिसंवाद भरला. बेडती नदीवर वीजप्रकल्प व्हायचा होता. सुपारीच्या बागा आणि सदाहरित जंगल पाण्याखाली जाणार होते. तिथल्या बागायतदारांची तोटगार्स सहकारी विक्री संस्था ही मूळची सुपारी विकणारी. तिने प्रकल्पाचा जमाखर्च मागवला, स्वतः तपासला आणि अभियंते, अर्थतज्ज्ञ, पर्यावरणशास्त्रज्ञ यांना शिरसीत बोलावून त्यांच्यासमोर ठेवला. जंगलाची किंमत किती धरली आहे, बागांची किती, वीज किती आणि कुणाला, असे प्रश्न विचारले गेले. सरकारी हिशेब त्या चर्चेत टिकला नाही आणि प्रकल्प बाजूला पडला. परिसंवादातले निबंध दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने त्याच वर्षी पुस्तकरूपाने काढले. मोठ्या धरणांवर आपल्याकडे जे गंभीर लिखाण झाले, त्यातले ते अगदी पहिल्या फळीतले. आज बेडतीचे पाणी वरदेत वळवण्याची योजना पुढे आली आहे, आणि तेच खोरे पुन्हा तज्ज्ञांना बोलावून आकडे तपासत आहे.

नवलगुंद आणि शिरसी यांच्या मधल्या टापूत उणकल येते. नवलगुंद इथून चाळीस किलोमीटरच्या आत, शिरसी शंभरेक किलोमीटरवर. हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे हे जुने गाव आहे. चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे देऊळ, एकेकाळी हुबळीला पाणी देणारे तळे आणि त्या तळ्यातून निघून शहराच्या पोटातून वाहणारा नाला. हा नाला पुढे बेडतीच्याच खोऱ्यात जातो. धोरण, लोकशाही आणि जगाचे राजकारण या विषयांवर तज्ज्ञांनी बोलावे की नाही, बोलले तर त्याला वजन किती द्यावे, असा वाद आपल्याकडे नेहमी अधांतरी चालतो. हुबळी-धारवाडच्या पाण्याची गेल्या साडेचार दशकांची कहाणी समोर ठेवली तर तो वाद जमिनीवर येतो. नवलगुंदच्या करामागेही तज्ज्ञ होते आणि शिरसीच्या व्यासपीठावरही. एका ठिकाणी त्यांना सरकारने प्रश्न विचारला होता, दुसऱ्या ठिकाणी ज्यांचे बुडणार होते त्यांनी. माझ्या मते पुढच्या सगळ्या घटना या एका फरकाने उलगडतात.

ही रीत आपल्याला परकी नाही. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने दख्खनच्या जिल्ह्यांतून माहिती गोळा केली, पिकांचे, मजुरीचे, मृत्यूंचे तपशील सरकारपुढे मांडले आणि सरकारी आकड्यांना आपले आकडे लावून दाखवले. रानडे त्या कामाचे डोके होते. त्यांनीच १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. धारवाडला १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. मुंबई इलाख्याच्या या भागात भाषा दोन होत्या, पण जाणकाराने उघड्या सभेत बोलावे आणि श्रोत्याने उठून प्रश्न करावा ही सवय दोन्हीकडे एकाच काळात रुजली. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात डॉ. आंबेडकरांनी जानेवारी १९३९ मध्ये संघराज्याच्या योजनेवर भाषण केले. देशाच्या घटनेचा किचकट प्रश्न त्यांनी सभेपुढे कलमवार उघडून दाखवला. आजच्या चर्चासत्रांना लावायला यापेक्षा चांगली मोजपट्टी मला ठाऊक नाही.

आता पाण्याकडे येऊ. हुबळी-धारवाडला मुख्य पाणी मलप्रभेचे. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून ते अम्मिनभावीला येते, तिथे शुद्ध होते आणि आधी धारवाडला, मग हुबळीला पोचते. त्याला जोड नीरसागर तलावाची. पण पाणी शहरापर्यंत येणे वेगळे आणि नळाला येणे वेगळे. वर्षानुवर्षे या शहरात चार-पाच दिवसांनी पाणी यायचे, टंचाईत आठवड्यानेही. घरात पिंप, गच्चीवर टाकी, अंगणात हौद. ज्यांच्याकडे यातले काही नाही, त्यांच्याकडे घागरींची ओळ. पाणी कधी येईल हे वॉल्वमनला ठाऊक. आपल्याकडे त्याला चावीवाला म्हणतात. पाण्याच्या दिवशी घरातल्या एका माणसाची मजुरी बुडायची आणि ते माणूस बहुधा बाई असायचे.

जागतिक बँकेने २००४ मध्ये कर्नाटकाला ३ कोटी ९५ लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या तीन शहरांच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी देऊन दाखवायचे, असा तो प्रयोग. काम व्हेओलिया या फ्रेंच कंपनीकडे गेले. २००८ मध्ये पाणी सुरू झाले आणि अखंड राहिले. दक्षिण आशियातल्या शहरांत असे होऊच शकत नाही, हे गृहीतक त्या वॉर्डांनी मोडले, आणि देशभरातले अधिकारी ते पाहायला येऊ लागले.

इथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण या प्रयोगाची जितकी कसून तपासणी झाली तितकी आपल्याकडे क्वचितच एखाद्या योजनेची होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे संशोधक हुबळी-धारवाडला येऊन राहिले. एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी चोवीस तासांच्या आणि खंडित पुरवठ्याच्या अशा दोन्ही नळांचे नमुने तपासले. खंडित पुरवठ्याच्या नळांच्या जवळपास ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय जंतू सापडले, चोवीस तासांच्या नळांत एक टक्क्याहूनही कमी. कारण सोपे आहे. नळ बंद असतो तेव्हा वाहिनीतला दाब जातो, आणि शेजारच्या गटारातले पाणी फटीतून आत शिरते. चार दिवसांनी पाणी सोडले की पहिल्या धारेबरोबर ते घरात येते. वाहिनी सतत भरलेली राहिली की ही वाटच बंद होते.

मग पुढचा प्रश्न: पाणी शुद्ध झाले, तर मुले कमी आजारी पडली का? आयशे एर्जुमेन आणि सहकाऱ्यांनी आठ चोवीस तासांचे वॉर्ड आणि त्यांच्याशी जुळणारे आठ साधे वॉर्ड घेतले, लहान मुले असलेली ३,९२२ घरे निवडली आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन नोंदी केल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुलांच्या एकंदर जुलाबांत ठळक फरक दिसला नाही. पण गरीब घरांत रक्ती जुलाबाचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि विषमज्वराचा रुग्ण असलेली घरे ४२ टक्क्यांनी कमी.

या निकालाने दोन्ही बाजूंची अडचण झाली. योजनेच्या समर्थकांना सर्व रोगांवर उतारा हवा होता, तो मिळाला नाही. विरोधकांना खासगी कंपनीचे काम फसलेले हवे होते, तेही मिळाले नाही. फायदा झाला आणि तो गरिबांना जास्त झाला, एवढे खरे. तरीही पाणी घरी आल्यावर लोक ते साठवत राहिले. इतक्या वर्षांची सवय आणि धास्ती एका योजनेने जात नाही, आणि साठवलेले पाणी भांड्यात पुन्हा दूषित होते. जुलाबाची कारणे नळापलीकडे हात, माशी, उघडे गटार अशी पसरलेली असतात, ती जागच्या जागी राहिली. पुढे २०१८ मध्ये झॅकरी बर्ट, इशा रे आणि धारवाडच्या बहुशाखीय विकास संशोधन केंद्राचे नारायण बिल्लव यांच्यासह संशोधकांनी खर्च, लाभ, न्याय आणि टिकाऊपणा या चार बाजूंनी त्याच योजनेकडे पाहिले. मीटरने मोजलेल्या पाण्याचे बिल कुणाला पेलते, कुणाला जड जाते, हे त्यांनी विचारले. सगळ्या शहराला असे पाणी द्यायचे तर ते कुठून आणणार, हेही.

तज्ज्ञांचे काम याहून चांगले कसे असावे, मला सांगता येणार नाही. तरी एक गोष्ट सलते. हे निबंध इंग्रजी नियतकालिकांत छापून आले. ज्या वॉर्डांत हे नमुने घेतले, तिथल्या आईला तिच्या नळाचा निकाल कन्नडमध्ये कुणी सांगायचा, हे कुणाचेच काम नव्हते. हुबळी-धारवाडच्या पाण्याविषयी जगातल्या वाचनालयांत जेवढे ज्ञान साठले आहे, त्याचा दहावा हिस्साही पालिकेच्या चर्चेत उतरलेला दिसत नाही.

आणि पालिकेची चर्चा तरी कुठे होती? लोकशाहीच्या बाजूने पाहिले तर या कहाणीतला सर्वांत दुखरा भाग इथे आहे. प्रयोग यशस्वी ठरल्यावर तो सगळ्या शहरभर नेण्यासाठी जागतिक बँकेने २०१६ मध्ये १० कोटी डॉलरचे दुसरे कर्ज मंजूर केले. कंत्राट लार्सन अँड टुब्रोकडे गेले. हुबळी-धारवाड महापालिकेची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. घटनेच्या २४३-यू या कलमानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. ती झाली ३ सप्टेंबर २०२१ ला. त्यानंतरही महापौर निवडला गेला नाही. तो मे २०२२ मध्ये निवडला गेला. बेळगावची मुदतही मार्च २०१९ मध्येच संपली होती, तिथे महापौर मिळाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. गुलबर्ग्याचे मतदानही याच दोन शहरांबरोबर, ३ सप्टेंबर २०२१ ला. म्हणजे चोवीस तास पाण्याचा प्रयोग ज्या तीन शहरांनी देशाला दाखवला, त्या तिन्ही शहरांत प्रयोगाचा विस्तार सुरू होण्याच्या काळात दीर्घकाळ लोकनियुक्त सभागृह नव्हते. रस्ते खोदले गेले, मीटर बसू लागले, पाणीपुरवठा मंडळाकडून कंपनीकडे जाण्याची तयारी झाली, आणि प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हता.

कुणी म्हणेल, नगरसेवक असता तर काय मोठे झाले असते? नगरसेवकांची गुणवत्ता आपण सगळे जाणतो. मला हा युक्तिवाद पटत नाही. नगरसेवक अभियंता नसतो, पण ज्या गल्लीत पाणी आले नाही त्या गल्लीतल्या बायका त्याच्या दारात उभ्या राहू शकतात. कंपनीच्या दारात त्या उभ्या राहिल्या तर त्यांना तक्रार क्रमांक मिळतो. मुंबई आणि पुण्याच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. या दोन्ही महापालिका मार्च २०२२ मध्ये प्रशासकाच्या हाती गेल्या आणि काही वर्षे तशाच राहिल्या. या काळातले मोठे निर्णय कुणी, कुणाला विचारून घेतले, याचा हिशेब महाराष्ट्रातही कुणीतरी मांडायला हवा.

हुबळी आणि धारवाड यांच्यामधला जलद बसमार्ग हे याच पठडीतले दुसरे उदाहरण, पण ते मी थोडक्यात सांगतो. जागतिक बँकेची मदत, २२ किलोमीटरहून थोडा जास्त मार्ग, चिगरी नावाच्या बसेस, फेब्रुवारी २०२० मध्ये उपराष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन. उद्घाटनाच्या दिवशी शहराला महापौर नव्हता. बस चांगली चालली, लोक तिच्यावर अवलंबून राहू लागले. रुंद केलेल्या रस्त्यालगतच्या दुकानदारांच्या, पादचाऱ्यांच्या आणि पावसात तुंबणाऱ्या पाण्याच्या तक्रारी मागे उरल्या. त्या सोडवायच्या कुणी, यावर वेगवेगळी सरकारी खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहिली.

उणकलच्या नाल्याकडे मात्र थांबायला हवे. तळ्यापासून निघालेला हा नाला हुबळीचे सांडपाणी घेऊन दक्षिणेला जातो. बिडनाळ, गब्बूर, कटनूर, मावनूर या गावांतले शेतकरी ते पाणी उपसून शेती करतात, कारण उन्हाळ्यात कोरडे न पडणारे पाणी त्यांना तेवढेच मिळते. अँड्र्यू ब्रॅडफर्ड, रॉबर्ट ब्रूक आणि धारवाड कृषी विद्यापीठाचे सी. एस. हुंशाळ यांनी २००३ मध्ये या शेतीवर लिहिले. सांडपाण्यात खत असते, त्यामुळे भाजी जोरात येते आणि खताचा खर्च वाचतो. पण कीड वाढते, औषध जास्त मारावे लागते, आणि पाण्यात उभे राहून काम करणाऱ्याच्या अंगात जंत शिरतात. भाजी त्याच शहराच्या बाजारात परत येते. पुढे याच नाल्याकाठी पायवाट, सायकलमार्ग आणि हिरवळ करण्याची योजना आली. फ्रान्सची विकास संस्था आणि युरोपीय संघ यांच्या मदतीने देशातली बारा शहरे निवडली गेली, त्यात हुबळी-धारवाडची ही योजना होती. नाल्याकाठी फिरता यावे ही इच्छा चांगलीच आहे. पण चोवीस तास पाणी घरी आले की चोवीस तास सांडपाणी बाहेर पडते. ते शुद्ध करून सोडायचे की तसेच, आणि शुद्ध केले तर गब्बूरच्या शेतकऱ्याचे फुकट खत जाते त्याचे काय, हा प्रश्न पाणीपुरवठ्याच्या चर्चेत आला पाहिजे. तो आला नाही, कारण पाण्याचे तज्ज्ञ एका खात्याकडे, नाल्याचे दुसऱ्या खात्याकडे आणि शेतीचे विद्यापीठात बसतात.

म्हादईचा वाद गोवा आणि बेळगावच्या मराठी वाचकाला माहीत आहे, म्हणून त्याचा इतिहास उगाळत नाही. कर्नाटकाला कळसा आणि भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवायचे आहे, आणि हुबळी-धारवाडच्या पिण्यासाठी ते हवे आहे असे सांगितले जाते. २०१० मध्ये न्यायमूर्ती पांचाळ यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले. त्यातले मलप्रभेत वळवायचे ३.९०, कळसाचे १.७२ आणि भांडुराचे २.१८. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. लवादासमोर दोन्ही बाजूंच्या जलतज्ज्ञांची उलटतपासणी झाली. तज्ज्ञांच्या संवादाचा हा सर्वांत कडक प्रकार, कारण इथे तज्ज्ञाला भाषण करून निघून जाता येत नाही; समोरचा वकील त्याच्या प्रत्येक आकड्याचा उगम विचारतो.

त्या दालनात नसलेला एक साधा हिशेब मात्र कुणालाही करता येईल. शहरी पाण्याचे सरकारी मान माणशी रोज १३५ लिटर. जुळ्या शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेनऊ लाख; दहा लाख धरू. वर्षाला लागते पावणेदोन टीएमसी. गळतीपोटी तीस टक्के धरले तरी अडीच. नविलुतीर्थ धरणाची क्षमता जवळपास ३८ टीएमसी. धरण वर्षानुवर्षे पूर्ण भरत नाही हे खरे, पण निम्मे भरले तरी शहराची तहान त्यातल्या सातव्या-आठव्या हिश्श्यात भागते. उरलेले पाणी कुठे जाते, धरणाच्या वरच्या अंगाला ऊस किती वाढला, कालव्यात किती मुरते, हे प्रश्न हुबळीच्या नागरिकाने विचारायला हवेत. २०१५ पासून नवलगुंद-नरगुंदचे शेतकरी म्हादईसाठी रस्त्यावर आहेत. २०१६ मध्ये लवादाने अंतरिम मागणी फेटाळल्यावर पुन्हा दगडफेक झाली, पुन्हा लाठ्या चालल्या; नवलगुंद तालुक्यातल्या यमनूरमध्ये पोलिसांनी घराघरांत शिरून मारहाण केली. त्या शेतकऱ्यांचा राग मला समजतो, त्यांची रानेही कोरडी आहेत. म्हणूनच शहराच्या पिण्याच्या पाण्याआडून शेतीच्या पाण्याची मागणी पुढे करू नये, दोन्ही उघड मांडाव्यात. कणकुंबीच्या झऱ्यांवर आणि गोव्याच्या नदीवर होणाऱ्या परिणामांविषयी राजेंद्र केरकर वर्षानुवर्षे मराठीत लिहीत आले आहेत. हुबळीच्या वाचकापर्यंत ते लिखाण आणि गोव्याच्या वाचकापर्यंत नवलगुंदच्या शेतकऱ्याची बाजू पोचली असती, तर हा वाद दोन राज्यांच्या अस्मितेत इतका गुरफटला नसता.

आज हुबळी-धारवाडला बोलणाऱ्यांची वाण नाही. कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, पाणी आणि जमीन व्यवस्थापनाची वाल्मी संस्था, २०१६ पासून आयआयटी. हुबळीत देशपांडे फाउंडेशन विकासावर दरवर्षी मोठी परिषद भरवते. त्याच फाउंडेशनच्या आधाराने दशकाहून अधिक काळापूर्वी नेक्स्टड्रॉप हा छान उद्योग इथे उभा राहिला. वॉल्वमनने पाणी सोडताना फोन करायचा आणि त्या भागातल्या घरांना पाणी यायच्या आधी मोबाइलवर संदेश जायचा. कल्पना माणुसकीची होती. बाईचा दिवस वाचत होता. पुढे बंगळूरमध्ये तनू कुमार, अ‍ॅलिसन पोस्ट आणि इशा रे यांनी हीच सेवा तपासली, तेव्हा साखळी वॉल्वमनपाशीच तुटते असे दिसले. त्याच्यावर आधीच कामाचा बोजा, त्यात ही भर, आणि बदल्यात काही नाही. तो नियमित कळवत नव्हता. आराखडा करताना वॉल्वमनशी बोलायला हवे होते. पाण्याविषयी त्याला जेवढे कळते तेवढे फार थोड्यांना कळते, आणि कुठल्याच परिषदेच्या निमंत्रण यादीत तो नसतो.

धारवाडने दुसराही मार्ग दाखवला आहे. एस. आर. हिरेमठ यांच्या समाज परिवर्तन समुदायाने १९८७ मध्ये कुसनूरला सत्याग्रह केला. गावरानावर कंपनीसाठी लावलेली निलगिरीची रोपे उपटायची आणि लोकांना उपयोगी झाडे लावायची. त्यामागे महसुली कागदपत्रांचा अभ्यास होता, आणि त्याच संस्थेने पुढे बेकायदा खाणींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेने बळ्ळारीचे राजकारण हलवले. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाने अभ्यासगटाची रीत घातली. गावकरी विषय ठरवतात, जाणकाराला बोलावतात, ऐकतात, प्रश्न करतात. निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. या रीतीतूनच गावाने जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आणि तिच्या नेमके उलटे काय असते, ते पश्चिम घाटाच्या बाबतीत दिसले. माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला. तो गावागावांत चर्चेसाठी न्यावा, ही समितीचीच अपेक्षा होती. सरकारने तो दडवला, आणि माहिती आयोग व दिल्ली उच्च न्यायालय यांच्या निर्णयांनंतर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तोवर अफवा अहवालाच्या पुढे गेल्या होत्या.

पुन्हा पाणीपुरवठ्याकडे येऊ. व्हेओलिया ज्या भूमीतली, त्या पॅरिसने २०१० मध्ये आपले पाणी खासगी कंपन्यांकडून परत नगरपालिकेकडे घेतले आणि त्यावर नजर ठेवायला नागरिकांचे निरीक्षण मंडळ नेमले. नागपूरने २०१२ मध्ये उलट वाट धरली, २५ वर्षांसाठी पाणी खासगी हाती दिले. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने जीवन प्राधिकरणाच्या हातून चोवीस तास पाणी करून दाखवले. अंधेरीच्या के-पूर्व वॉर्डात २००६-०७ मध्ये जागतिक बँकेच्या सल्लागारांची योजना आली, तेव्हा लोकांनी आकडे मागितले आणि ती मागे पडली. खासगी की सरकारी, या एका प्रश्नावर सगळी चर्चा अडकवली तर हे चार निकाल समजत नाहीत. कराराची अट कोणती, दर कोण ठरवतो, गरीब घराला पहिले काही लिटर कोणत्या भावाने मिळतात, आणि कंपनी चुकली तर तिला विचारणारा निवडून आलेला माणूस आहे की नाही, हे पाहिले की समजतात.

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने धारवाडसाठी वेगळी महापालिका करण्याला तत्त्वतः मंजुरी दिली. १९६२ पासून एक असलेली पालिका दोन होणार. धारवाडकरांची ही जुनी मागणी, आणि तिच्यात तथ्य आहे; सत्ता हुबळीत एकवटली अशी त्यांची तक्रार आहे. पण पाण्याचा करार दोन्ही शहरांसाठी एकच आहे, आणि हुबळीचे पाणी अम्मिनभावीहून धारवाडमार्गे येते. उद्या टंचाईत आधी कुणाला पाणी, दर दोन्हीकडे एक की वेगळे, कर्जाचे हप्ते कुणाच्या नावावर, कंपनीवर देखरेख कोणत्या सभागृहाची, हे सगळे वाटणीच्या कागदावर लिहावे लागेल. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात, असे घटनेचे २४३-एस कलम सांगते. वाटणीचा आणि पाण्याच्या कराराचा मसुदा कन्नडमध्ये, आणि जिथे मराठी, उर्दू वाचणारे आहेत तिथे त्या भाषांत, प्रत्येक वॉर्ड समितीपुढे ठेवावा. वाल्मीच्या आणि बहुशाखीय केंद्राच्या अभ्यासकांनी तिथे येऊन आकडे समजावून सांगावेत, शेजारी वॉल्वमनला खुर्ची द्यावी, आणि नोंदलेल्या प्रत्येक हरकतीला सही करण्याआधी लेखी उत्तर मिळावे.